घसरला की उतरणीला लागला? अजिंक्य वाटणाऱ्या संघाचा हिशेब असा मांडा

३ नोव्हेंबर २०२४ ला वानखेडेवर भारताला जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. संघ १२१ मध्ये आटोपला, न्यूझीलंड २५ धावांनी जिंकला आणि मालिका ३-० अशी घेऊन गेला. अशा दिवशी स्टेडियममधून चर्चगेटपर्यंत चालत जाताना दोनच मतं कानावर पडतात. एक, 'संपली ही टीम'. दुसरं, 'एक मालिका गेली, एवढं काय'. दोन्ही मतं नुसता निकाल बघून दिलेली असतात, आणि या कामी निकालाचा फारसा उपयोग नाही. भरात असलेले संघही मालिका हरतात, आणि आतून पोखरलेले संघ आणखी दोन-तीन वर्षं जिंकत राहतात.

मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. १९७३-७४ मध्ये तो कर्नाटकने नेला. त्या वर्षी कुणी मुंबईचा मृत्युलेख लिहिला असता तर त्याची पंचाईत झाली असती, कारण पुढचे तिन्ही करंडक पुन्हा मुंबईनेच जिंकले. याच्या उलटं उदाहरणही वानखेडेवरचंच. नोव्हेंबर १९९४ मध्ये वेस्ट इंडीज इथे कसोटी हरला, पण मालिका १-१ अशी सोडवून गेला. १९८० नंतर एकही कसोटी मालिका न हरल्याचा विक्रम शाबूत, कागदावर सगळं आलबेल. पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाने त्यांना त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं, आणि ते सिंहासन वेस्ट इंडीजला पुन्हा मिळालं नाही.

तेव्हा निकालाच्या खाली काय चाललंय ते मोजायचं. एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर शंभर पानी वही पुरते. एका मालिकेला साधारण तासभर लागतो.

पत्रक आखताना

कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी यांची तीन स्वतंत्र पत्रकं करा. नाव एकच असलं तरी हे तीन वेगळे संघ आहेत. भारताने २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक आणि ९ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. कसोटीत न्यूझीलंडकडून ०-३ आणि ऑस्ट्रेलियात १-३ या दोन्ही पडझडी बरोबर या दोन तारखांच्या मधल्या आहेत. सगळं एकत्र कालवलंत तर हाती काहीच लागणार नाही.

कसोटीच्या पत्रकात प्रत्येक सामन्याला एक ओळ. रकाने असे: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, घर की परदेश, नाणेफेक कोणाची, आपल्या एकूण धावा, आपल्या पडलेल्या विकेट, त्यांच्या एकूण धावा, त्यांच्या पडलेल्या विकेट, आपल्या प्रत्येक डावात तिसरी विकेट पडली तेव्हाची धावसंख्या, आपल्या तीन मुख्य गोलंदाजांनी घेतलेल्या विकेट, सुटलेले झेल, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात कोण दुखापतीमुळे बाहेर होतं आणि खेळपट्टी कशी होती एवढंच लिहा. 'लाजिरवाणा पराभव' वगैरे तिथे नको, ते टीव्हीवाल्यांकडे सोपवा.

किती मागे जायचं? घरचे किमान १० ते १२ सामने आणि परदेशातले तेवढेच. त्याहून कमी घेतलेत तर एका वाईट सकाळचं वजन फार होतं. घर आणि परदेश यांची बेरीज कधीही एकत्र करू नका. वर्चस्वाचा पाया घरी असतो. परदेशात मोठे संघही अधूनमधून हरतात, पण घरचा किल्ला पडायला लागला की मामला गंभीर.

मुख्य आकडा: एका विकेटमागे किती धावा

आपल्या एकूण धावा भागिले आपल्या पडलेल्या विकेट. त्यांच्या एकूण धावा भागिले त्यांच्या पडलेल्या विकेट. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हे गुणोत्तर १ च्या वर असेल तर आपली विकेट महाग आणि त्यांची स्वस्त, १ च्या खाली असेल तर उलट. जिंकलो की हरलो यापेक्षा किती अंतराने सरस किंवा कमी पडलो ते यातून दिसतं.

धावा अवांतरासह धरा, म्हणजे संघाची धावसंख्या आहे तशी. डाव घोषित केला असेल तर जेवढ्या विकेट पडल्या तेवढ्याच लिहा, १० नव्हेत. जखमी होऊन परतलेला किंवा फलंदाजीला न आलेला खेळाडू म्हणजे विकेट नव्हे. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. नोव्हेंबर २०२५ च्या कोलकाता कसोटीत शुभमन गिलची मान आखडली. भारताचे १८९ आणि ९३ हे दोन्ही डाव 'सर्वबाद' दिसतात, पण विकेट नऊ-नऊच पडल्या होत्या.

आता प्रत्यक्ष हिशेब. भारताच्या घरच्या चार मालिका घेऊ.

इंग्लंड, जानेवारी ते मार्च २०२४, पाच कसोटी, ४-१ विजय. भारत ३१४० धावा, ७९ विकेट, म्हणजे विकेटमागे ३९.७. इंग्लंड २५६३ धावा, १०० विकेट, विकेटमागे २५.६. गुणोत्तर १.५५.

न्यूझीलंड, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४, तीन कसोटी, ०-३. भारत १२९३ धावा, ६० विकेट, २१.६. न्यूझीलंड १४३५ धावा, ५२ विकेट, २७.६. गुणोत्तर ०.७८.

वेस्ट इंडीज, ऑक्टोबर २०२५, दोन कसोटी, २-० विजय. भारत १०९० धावा, १३ विकेट, ८३.८. वेस्ट इंडीज ९४६ धावा, ४० विकेट, २३.७. गुणोत्तर ३.५४.

दक्षिण आफ्रिका, नोव्हेंबर २०२५, दोन कसोटी, ०-२. भारत ६२३ धावा, ३८ विकेट, १६.४. दक्षिण आफ्रिका १०६१ धावा, ३५ विकेट, ३०.३. गुणोत्तर ०.५४.

मधली बांगलादेशविरुद्धची २-० ची मालिका इथे घेतलेली नाही. तुमच्या पत्रकात ती हवीच.

शेवटच्या तीन मालिकांचा एकत्रित आकडा काढताना एक सापळा आहे. ०.७८, ३.५४ आणि ०.५४ यांची सरासरी काढली तर १.६२ येते, आणि भारत इंग्लंडविरुद्ध होता त्याहून बलवान झालाय असं वाटायला लागतं. सरासरीची सरासरी कधीच काढू नका. मूळ धावा आणि मूळ विकेट पुन्हा बेरजेला घ्या. भारताच्या ३००६ धावा १११ विकेटमध्ये, प्रतिस्पर्ध्यांच्या ३४४२ धावा १२७ विकेटमध्ये. दोन्हीकडे २७.१. म्हणजे गुणोत्तर १.००, तेही वेस्ट इंडीजविरुद्धचं ३.५४ धरून. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धची मालिका असं पांघरूण घालते. म्हणून बेरीज दोनदा करायची, एकदा सगळ्यांची आणि एकदा तळाचे संघ वगळून. वेस्ट इंडीज काढून टाका: भारत १९१६ धावा, ९८ विकेट, १९.६. समोरचे २४९६ धावा, ८७ विकेट, २८.७. गुणोत्तर ०.६८.

ही मोजपट्टी खोटा गजर वाजवते का, ते तपासायला २००१ ची भारत-ऑस्ट्रेलिया मालिका घ्या. सलग १६ कसोटी जिंकून ऑस्ट्रेलिया थांबला तो ईडन गार्डन्सवर. मुंबईत त्यांनी १० विकेटनी जिंकलं, कोलकात्यात फॉलोऑन देऊन १७१ धावांनी हरले, चेन्नईत दोन विकेटनी. मालिका २-१ अशी गेली आणि ऑस्ट्रेलियाचं राज्य संपलं असं त्या मार्चमध्ये वाटणं साहजिक होतं. हिशेब काय सांगतो? ऑस्ट्रेलिया १७०८ धावा, ५० विकेट, ३४.१६. भारत १८७९ धावा, ५५ विकेट, ३४.१६. दोन दशांशांपर्यंत बरोबरी. परक्या मैदानांवर, लक्ष्मणच्या २८१ आणि हरभजनच्या धडाक्यासमोर गुणोत्तर १ च्या खाली गेलंच नाही. तो संघ पुढे पाच-सहा वर्षं जगावर राज्य करत राहिला, यात नवल नाही.

कामापुरते ठोकताळे असे धरा. घरी १.३ च्या वर असेल तर वर्चस्व. १ ते १.३ म्हणजे चांगला संघ, पण कुणीही येऊन जिंकू शकेल असा. सलग दोन तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध घरी १ च्या खाली गेलं तर पुढची सगळी तपासणी गांभीर्याने करा. परदेशात यातून साधारण ०.३ वजा करून वाचा.

खेळपट्टीचा बहाणा कुठे चालतो, कुठे नाही

आखाडा खेळपट्टीवर दोन संघांतलं अंतर आपोआप कमी होतं. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळायला लागला की समोरचा साधा फिरकीपटूही खतरनाक होतो, आणि नाणेफेकीला अर्ध्या सामन्याची किंमत येते. पुण्यात २०१७ मध्ये स्टीव्ह ओकीफने ३५ धावांत ६ असं दोन्ही डावांत केलं, भारत १०५ आणि १०७ मध्ये गुंडाळला गेला, पराभव ३३३ धावांनी. मालिका मात्र भारताने २-१ अशी जिंकली. २०२३ मध्ये इंदूरलाही तसंच, ऑस्ट्रेलिया ९ विकेटनी जिंकला, मालिका भारताची. हे खड्डे, उतरण नव्हे.

म्हणून शेऱ्याच्या रकान्यात खूण करा. चारही डाव २०० च्या आत आटोपले तर 'आ' लिहा, आखाडा. कोलकाता २०२५ चे डाव १५९, १८९, १५३ आणि ९३. स्वच्छ 'आ'. तिथला ३० धावांचा पराभव अर्ध्या वजनाने मोजा. पण लगेच पुढची गुवाहाटी कसोटी बघा. तिथे एकाच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेने ४८९ केल्या आणि भारताने २०१ व १४०. पराभव ४०८ धावांचा, धावांच्या हिशेबात भारताचा आजवरचा सर्वांत मोठा. इथे खेळपट्टीला दोष देता येत नाही. न्यूझीलंडच्या मालिकेतही तेच. पुणे आणि मुंबईत चेंडू वळला हे खरं, पण बंगळुरूला ढगाळ हवेत भारत ४६ मध्ये बाद झाला तो मॅट हेन्री आणि विल्यम ओरुर्कच्या वेगवान माऱ्यापुढे. त्याच सामन्यात न्यूझीलंडने ४०२ केल्या.

सूत्र एवढंच: एकाच प्रकारच्या खेळपट्टीवर हरत असाल तर तो तंत्रातला किंवा डावपेचातला दोष, दुरुस्त होण्यासारखा. स्विंग, फिरकी आणि पाटा अशा तिन्ही ठिकाणी हरत असाल तर प्रकरण खोल आहे.

नाणेफेकीचं मापही पदरात टाका. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या या दोन मालिकांतल्या पाचपैकी चार नाणेफेकी भारताने हरल्या. हे दुर्दैव हिशेबात धरायचं. पण जी एक जिंकली, तिथेच ४६ झाल्या.

वय: कोण किती, आणि कोणाच्या बरोबरीने

अकरा जणांच्या वयाची सरासरी काढून काही कळत नाही. दोन पोरसवदा खेळाडू आले की सरासरी खाली येते आणि धोका झाकला जातो. मोजायचं ते हे: मागच्या बारा महिन्यांतल्या धावा आणि विकेट यांपैकी किती वाटा चौतिशी ओलांडलेल्यांचा आहे? आणि ते सगळे एकाच सुमाराला तिथे पोचलेत का?

२००७ च्या जानेवारीत सिडनीला ॲशेस, म्हणजे इंग्लंडविरुद्धची मालिका, ५-० अशी जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाकडे बघा. वॉर्न ३७, मॅकग्रा ३६, लँगर ३६, हेडन ३५, गिलख्रिस्ट ३५. निकाल सोन्यासारखा, पण घड्याळाची टिकटिक ऐकू येण्याजोगी. त्या कसोटीनंतर वॉर्न (७०८) आणि मॅकग्रा (५६३) एकदमच गेले, म्हणजे १२७१ विकेट एका संध्याकाळी घरी. लँगरही त्याच दिवशी थांबला. संघ तरी पुढचं वर्षभर जिंकत राहिला, त्यांची दुसरी सलग १६ विजयांची मालिका जानेवारी २००८ मध्ये पर्थला भारताने तोडली. मग पडझड रांगेने आली: २००८ च्या अखेरीस भारतात ०-२, लगेच घरी दक्षिण आफ्रिकेकडून १-२, २००९ ची ॲशेस १-२, आणि २०१०-११ ची ॲशेस तर घरच्या मैदानांवर १-३. वयाचा रकाना ज्याने भरला होता, त्याला दीड-दोन वर्षं आधीच ठाऊक होतं.

नोव्हेंबर २०२४ चा वानखेडेवरचा भारतीय संघ याच चष्म्यातून वाचा. अश्विन ३८, रोहित ३७, जडेजा ३५, कोहली दोन दिवसांनी ३६. अकरापैकी चार, आणि चौघेही कणा म्हणावेत असे. डिसेंबरात अश्विन ५३७ विकेटवर थांबला, पुढच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात रोहित आणि कोहलीने कसोटीतून निवृत्ती घेतली. सगळी खांदेपालट एकाच मोसमात आली की मधल्या काळात शिकायला कुणाचा आधार उरत नाही. वेस्ट इंडीजचंही हेच झालं होतं. १९९१ मध्ये रिचर्ड्स, मार्शल, द्यूजाँ आणि ग्रीनिज चौघेही गेले. अँब्रोस आणि वॉल्श यांनी पुढे बरीच वर्षं ओढून नेलं म्हणून पडझड उशिरा दिसली, एवढंच.

वयाचा रकाना संघ आज हरेल की नाही ते सांगत नाही. कधीपासून काळजी करायची ते सांगतो.

एका खुर्चीवर किती जण बसवून पाहिले

सगळ्यांत जास्त माहिती या एका मोजणीत असते, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. गेलेल्या खेळाडूची जागा घ्या, म्हणजे 'तिसरा क्रमांक' किंवा 'मुख्य फिरकीपटू'. त्या जागेवर पुढच्या तीन वर्षांत किती वेगवेगळे खेळाडू उतरवले ते लिहा. दुखापतीमुळे एखाद्या सामन्यापुरता आलेला बदली धरू नका. दोघांत जागा भरली तर राखीव फळी भक्कम. तीन म्हणजे शोध चालू. पाच-सहाच्या पुढे गेलं की निवड समितीकडे योजना नाही, नुसती आशा आहे.

वॉर्ननंतर ऑस्ट्रेलियाने मॅकगिल, हॉग, कॅसन, व्हाइट, क्रेझा, हॉरित्झ, मॅकगेन, डोहर्टी, बीअर असे सगळे करून पाहिले. जेसन क्रेझाने २००८ मध्ये नागपूरला पदार्पणातच १२ विकेट घेतल्या आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला फक्त एकच कसोटी आली. नेथन लायन २०११ मध्ये गॉलला सापडेपर्यंत हा संगीतखुर्चीचा खेळ चालला होता.

उलट उदाहरण आपलंच. डिसेंबर २००९ मध्ये ब्रेबॉर्नवर श्रीलंकेला हरवून भारत पहिल्यांदा कसोटी क्रमवारीत अव्वल झाला. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ०-४, लगेच ऑस्ट्रेलियात ०-४. २०१२ मध्ये द्रविड आणि लक्ष्मण गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वानखेडेवर पानेसरने ११ आणि स्वानने ८ विकेट काढून भारताला १० विकेटनी हरवलं, मालिकाही २-१ अशी गेली. निकालांवरून बघाल तर पंधरवड्यात गाशा गुंडाळायची वेळ. पण खुर्च्या बघा: पुजारा २०१० पासून, कोहली आणि अश्विन २०११ पासून, जडेजा डिसेंबर २०१२ पासून संघात. भरणा आधीच झालेला होता. फेब्रुवारी २०१३ पासून भारताने घरी सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. ही माळ २०२४ मध्ये न्यूझीलंडने तोडली.

आजच्या खुर्च्या? पुजाराची शेवटची कसोटी जून २०२३ ची. २०२५ मध्ये इंग्लंड, वेस्ट इंडीज आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या नऊ कसोटींत तिसऱ्या क्रमांकावर साई सुदर्शन, करुण नायर आणि वॉशिंग्टन सुंदर असे तिघे उतरले. वॉशिंग्टन मुळात कशासाठी संघात असतो ते आठवा, म्हणजे शोध कुठवर पोचलाय ते कळेल.

राखीव फळी जोखताना रणजीच्या नुसत्या धावा मोजू नका, कोणाविरुद्ध आणि कुठल्या खेळपट्टीवर केल्या तेही बघा. पाट्यावरची द्विशतकं भुलवतात. कांगा लीग पावसाळ्यात का भरवतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला मुद्दा फोडून सांगायला नको: थांबून येणाऱ्या ओल्या खेळपट्टीवरच्या ४० धावा तंत्राबद्दल जास्त बोलतात.

तिसरा गोलंदाज

कसोटी जिंकायला २० विकेट लागतात. पहिला गोलंदाज त्यातल्या साधारण पाच-सहा घेतो, चांगल्या संघात तिसरा आणि चौथा मिळून तेवढ्याच घेतात. पहिल्याचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर गेला की संघ एका पाठीच्या कण्यावर उभा आहे असं समजा, आणि हे शब्दशः घ्या. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताने ऑस्ट्रेलियाच्या एकूण ८१ विकेट काढल्या. त्यातल्या ३२ बुमराच्या, १३.०६ च्या सरासरीने. म्हणजे ३९.५ टक्के. सिडनीला दुसऱ्या डावात पाठीमुळे तो गोलंदाजीला येऊ शकला नाही आणि ऑस्ट्रेलियाने १६२ धावा चार विकेट गमावून केल्या.

घरच्या सामन्यांत हाच हिशेब फिरकीपटूंचा मांडा. वानखेडेवरच्या त्या कसोटीत जडेजाने दोन्ही डावांत पाच-पाच विकेट घेतल्या आणि तरी सामना गेला. समोरून पुण्यात सँटनरने १३ आणि मुंबईत एजाज पटेलने ११ काढल्या. एजाज तर मुंबईतच जन्मलेला, याच मैदानावर २०२१ मध्ये एका डावात दहाच्या दहा विकेट घेतलेला. पण त्या कसोटीत भारत ३७२ धावांनी जिंकला होता, कारण तेव्हा फलंदाज उभे राहत होते. पाहुण्यांचे फिरकीपटू आपल्यापेक्षा भारी पडणं हे भारतासाठी सर्वांत महत्त्वाचं चिन्ह. ते २०१२ मध्ये दिसलं होतं, २०२४ मध्ये दिसलं, आणि २०२५ मध्ये सायमन हार्मरने दोन कसोटींत १७ विकेट घेऊन पुन्हा दाखवलं.

उरलेले रकाने झटपट

तिसऱ्या विकेटची धावसंख्या: घरी ती वारंवार ५० च्या आत येत असेल तर वरची फळी मोडलीय. बंगळुरूला १० वर ३, मुंबईत दुसऱ्या डावात तर २९ वर ५. तळाच्या फलंदाजांनी सावरलेले डाव एकूण धावसंख्येत लपतात, म्हणून हा रकाना.

झेल: धावफलकात सुटलेला झेल दिसत नाही. चेंडूगणिक समालोचन वाचून रात्रीच मोजा, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. स्लिपमधले वेगळे लिहा. जून २०२५ ला लीड्सवर भारताकडून पाच शतकं झाली, तरी इंग्लंडने ३७१ पार केल्या. पाच शतकं ठोकून कसोटी हरणारा भारत हा पहिलाच संघ. सुटलेल्या झेलांचा रकाना नसेल तर हा निकाल कळतच नाही.

निसटते सामने: ३० धावांच्या किंवा दोन विकेटच्या आतला निकाल, जिंकलात तरी हरलात तरी, अर्धाच मोजा. २००५ च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलिया एजबॅस्टनला दोन धावांनी हरला. इंग्लंडने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत मॅकग्रा दुखापतीमुळे नव्हता. दीड वर्षाने त्याच इंग्लंडला ५-०.

मर्यादित षटकांच्या पत्रकात विकेटऐवजी षटकामागच्या धावांचा फरक घ्या, आणि बाद फेरीचा एखादा सामना गेला म्हणून निष्कर्ष काढू नका. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने २०१८ ते २०२१ सलग २६ एकदिवसीय सामने जिंकले. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांच्या ३३८ धावा भारताकडून जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ ने पार झाल्या. जेमिमाचं कौतुक करून झालं की लक्षात घ्या, वर्षभर आधी हाच संघ टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतही दक्षिण आफ्रिकेकडून हरला होता, पण मधली ॲशेस मात्र १६-० अशा गुणांनी जिंकला. दोन बाद फेऱ्यांवरून उतरण ठरवणं घाईचं होईल. तीन वर्षांचं पत्रक भरा.

भारताच्या पत्रकावर काय दिसतं

घरच्या कसोटीत उतरण लागलेली आहे. गुणोत्तर १.५५ वरून तगड्या संघांविरुद्ध ०.६८ वर, तेही तीन प्रकारच्या खेळपट्ट्यांवर. पाहुण्यांची फिरकी आपल्यापेक्षा भारी, तिसऱ्या क्रमांकाची खुर्ची हलती. सुरुवातीची तारीख घालायची तर बंगळुरू, ऑक्टोबर २०२४. परदेशात मात्र तसं म्हणता येत नाही: २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये २-२, गिलच्या ७५४ धावा, सिराजच्या २३ विकेट, ओव्हलला सहा धावांनी विजय. तो निसटता, म्हणून अर्धा. चेंडू बॅटवर येतो तिथे ही फलंदाजी उभी राहते, थांबून येतो तिथे कोसळते. पांढऱ्या चेंडूच्या पत्रकावर अजून लाल शाई नाही.

पुढची घरची मालिका संपली की मालिकेचा निकाल लिहिण्याआधी दोन रकाने भरा: दोन्ही संघांच्या फिरकीपटूंनी एका विकेटमागे किती धावा मोजल्या, आणि तिसऱ्या क्रमांकावर कोण उतरलं. चौथं नाव आलं तर शेऱ्यात तारीख टाका.